वाटणीत न आलेली गाडी

शहापुरातली जुनी माणसे आजही आम्हां दोघा भावांना आडनावाने ओळखत नाहीत. 'शेवरलेटवाल्यांचे मुलगे' असे म्हटले की त्यांना ओळख पटते. मुलगे म्हणवून घेण्याचे आमचे वय केव्हाच सरले. थोरल्याने पासष्टी गाठली, धाकट्याने साठी. ज्या शेवरलेटवरून हे नाव पडले ती गाडी तर वीस वर्षे एका पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. तरीही नाव टिकले. गावाची स्मरणशक्ती माणसांपेक्षा वस्तूंवर अधिक विसंबून असते की काय, असे आम्हांला त्यावरून वाटू लागले आहे.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. एकाने लिहावे, दुसऱ्याने खोडावे, पहिल्याने पुन्हा मांडावे, अशा रीतीने तो सिद्ध झाला. म्हणून येथील 'आम्ही' हे केवळ लेखनातले आदरार्थी बहुवचन नव्हे. ते खरोखरीचे बहुवचन आहे. ते पुन्हा खरोखरीचे होण्यास आम्हांला दहा वर्षे लागली. त्या वर्षांची आणि त्या गाडीची ही हकीकत.

आमच्या आजोबांचा व्यवसाय अडतीचा. बेळगावच्या पश्चिमेकडील गावांतून रताळी आणि बटाटे, येळ्ळूर-वडगावच्या शिवारातून बासमती तांदूळ रविवार पेठेत आणायचा आणि तेथून पुढे रवाना करायचा. हे सारे बैलगाडीने चाले. १९५२ साली आजोबांनी मुंबईहून शेवरलेटची अर्ध्या टनाची गाडी आणली. जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी करीत असे. सुटे भाग जहाजाने यायचे आणि येथे गाडी उभी राहायची. भारतातच गाड्या तयार करण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच येथे टिकावे, असे सरकारी धोरण पुढल्याच वर्षी ठरले आणि कंपनीने आपला येथील गाशा गुंडाळला. म्हणजे आजोबांची गाडी ही त्या शिवडीच्या कारखान्याच्या अखेरच्या वर्षांतली. गोलसर बॉनेट, समोर आडव्या पट्ट्यांची जाळी, सहा सिलिंडरांचे साडेतीन लिटरचे पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी आणि पायाने दाबून चालू करायचा स्टार्टर, असा तिचा थाट होता.

परंतु मुंबईहून आली ती केवळ केबिन आणि मागची उघडी चेसिस. माल ठेवण्याचा हौदा आजोबांनी येथे, शहापुरातल्या एका मेस्त्रीकडून लाकडात बांधून घेतला. अमेरिकेतही ह्या गाड्यांच्या हौद्याची जमीन लाकडाचीच असे. तेथे पाइनच्या फळ्या घालीत आणि दोन फळ्यांमधील फट लोखंडी पट्टीने झाकीत. लाकूड वापरण्यामागे काटकसर होती, तसा शहाणपणाही होता. लाकडावर पेटी सरकत नाही, पत्र्यासारखा त्याला पोचा येत नाही आणि एक फळी कुजली तर तेवढी एकच बदलता येते. आमच्या मेस्त्रीने पाइनच्या जागी खानापूरकडचा साग घेतला, लोखंडी पट्ट्यांना फाटा दिला आणि फळ्यांच्या कडांना अर्ध्या जाडीच्या खाचा पाडून त्या एकमेकींवर बसविल्या. साडेसहा फूट लांब, चार फुटांहून किंचित अधिक रुंद, नऊ फळ्या, तीन बाजूंना उघडणारे फाळके. केबिन अमेरिकेची आणि पाठ बेळगावची, असे आमचे वडील, म्हणजे अप्पा, तिचे वर्णन करीत.

ह्या हौद्यातून काय काय गेले, ह्याची यादी आमच्या घरात दरवर्षी वाढत असे. १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहासाठी निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या तुकड्यांच्या जेवणाची भांडी आणि तांदूळ ह्याच गाडीने पोहोचविले, असे आजी सांगत असे. अप्पांच्या मते तांदूळ गेले होते, भांडी मागाहून बैलगाडीने गेली. वैशाखातल्या शिवजयंतीला गल्लीचा चित्ररथ दोन-तीनदा ह्याच हौद्यावर उभा राहिला. घरातल्या लग्नांचे रुखवत, गणपतीचे मखर, शाळेच्या बाकांची दुरुस्ती, सारे तिच्या पाठीवरून. गाडीच्या नोंदणी पुस्तिकेत पहिल्या पानावर मुंबई राज्याचा शिक्का आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ नंतर म्हैसूरचा, १ नोव्हेंबर १९७३ नंतर कर्नाटकाचा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे अधिकृत नावही बदलले. ही तारीख आमच्या गावात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. गाडी मात्र त्याच शेडमध्ये उभी राहत आली.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी अप्पांनी ती चालविणे थांबविले. डोळ्यांनी साथ दिली नाही आणि दुसऱ्याच्या हाती ती देण्यास मन धजले नाही. २००९ साली अप्पा गेले. त्यानंतर वर्षभरातच आमची वाटणी झाली. तिचा तपशील येथे उगाळण्याचे कारण नाही. ज्या घरांत वाटण्या झाल्या आहेत त्यांना तो ठाऊक आहे आणि ज्यांत झाल्या नाहीत त्यांना तो कळू नये. शेत, घर, दुकानाची जागा, भांडीकुंडी, देवघरातले टाक, ह्या सर्वांची नावे वाटणीपत्रात आली. शेवरलेट आली नाही. ती दोघांनाही हवी होती म्हणून नव्हे, तर दोघांनाही ती मागण्याची लाज वाटली म्हणून. विकावी, असे म्हणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. धाकटा नोकरीसाठी आधीच इंदूरला स्थायिक झाला होता. तो परत गेला. पुढली दहा वर्षे आम्ही लग्नकार्यात आणि मयताच्या वेळी भेटलो, एकमेकांच्या मुलांची चौकशी केली आणि त्यापलीकडे बोललो नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जो पाऊस झाला तो येथील कोणी विसरणार नाही. आमच्या घराची मागची पडवी त्या पावसात बसली आणि तिच्यासोबत शेडचे छप्परही गाडीवर आले. कित्येक दिवस हौद्यात पाणी साचून होते. पाणी ओसरल्यावर थोरल्याने पाहिले तेव्हा फळ्यांवर बुरशीची पांढरी साय धरली होती आणि डाव्या बाजूच्या फाळक्यातून ओल्या मातीसारखा लगदा हाताला लागत होता. त्याने इंदूरला फोन केला. दहा वर्षांत निमित्तावाचून केलेला तो पहिला फोन. बोलणे एवढेच झाले: "गाडी कुजतेय. काय करायचं ते सांग." पलीकडून उत्तर आले: "आलो की बघू. तोवर ताडपत्री टाक, दादा."

धाकटा आला तो २०२० च्या मार्चमध्ये, पुतणीच्या लग्नासाठी. लग्न पुढे ढकलावे लागले, गाड्या बंद झाल्या आणि तो जवळजवळ अडीच महिने येथे अडकला. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, वाटणीने झालेल्या दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये. बाहेर जाण्याची सोय नाही, करण्यास काही नाही आणि मागल्या अंगणात ताडपत्रीखाली ती गाडी. एका सकाळी थोरला अंगणात आला तर धाकटा बॉनेट उघडून प्लग काढीत होता. थोरल्याने काही न विचारता पाना हाती घेतला. सुरुवात इतकी साधी झाली.

मतभेद मात्र आठवडाभरातच उभा राहिला. धाकट्याचे म्हणणे असे, की गाडी उभी करायची तर ती चालणारी हवी. जुने इंजिन काढून त्या जागी एखादे डिझेल इंजिन बसवावे, बारा व्होल्टची वीज घ्यावी, हौद्याला नक्षीदार पोलादी पत्रा ठोकावा, म्हणजे पुढची तीस वर्षे बघायला नको. थोरल्याचे म्हणणे याच्या अगदी उलट. जे जसे होते ते तसे राहिले पाहिजे. फळी तर एकही हलवायची नाही, कुजलेल्या भागात भुसा आणि सरस भरून वरून रंग द्यावा. धाकट्याला ही मढ्याला पोशाख चढविण्याची हौस वाटली. थोरल्याला दुसऱ्याची योजना म्हणजे अप्पांच्या गाडीची नावापुरती पाटी ठेवून बाकी सारे मोडीत काढणे वाटले. वाटणीच्या वेळी जे शब्द आम्ही वापरले नव्हते, ते ह्या वेळी वापरले गेले. चार दिवस गाडीवर पुन्हा ताडपत्री पडली.

निम्मा वाद कायद्यानेच मिटविला. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ह्या कलमाचा अर्थ कसोशीने लावला होता. धाकट्याने हे सारे स्वतःच शोधून काढले आणि स्वतःच येऊन सांगितले, ह्याचा उल्लेख थोरल्याच्या आग्रहावरून येथे करीत आहोत. डिझेलचा बेत सुटला. इंजिन राहणार होते ते जुनेच. प्रश्न उरला तो हौद्याचा.

इंजिनाचे काम उद्यमबागेत झाले. बेळगावच्या ह्या वसाहतीत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे कारखाने दाटीने आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. आमच्या इंजिनाची अडचण मात्र आजच्या यंत्रशाळेला परिचित नव्हती. हल्लीच्या इंजिनांत बेअरिंगच्या तयार अर्धगोल चकत्या मिळतात. जुनी काढावी, नवी बसवावी. ह्या शेवरलेटच्या कनेक्टिंग रॉडमध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे ह्यांच्या मिश्रणाचा पांढरा धातू थेट ओतून बेअरिंग केलेले असते. शिवाय तेल पोहोचविण्याची तऱ्हाही जुनी. प्रत्येक रॉडच्या तळाशी एक लहानसा चमचा असतो. तो खालच्या पन्हळीतले तेल फिरता फिरता उडवितो. दोन पिस्टन गंजून धरले होते. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि तेल सोडून आम्ही नऊ दिवस थांबलो, मग फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार घालून रोज वीतभर हलवीत गेलो, तेव्हा कोठे ते सुटले. चार रॉडमधला पांढरा धातू चिरकटलेला निघाला.

तो पुन्हा ओतणारा माणूस शोधण्यात महिने गेले. अखेर एका वयोवृद्ध कारागिराचा पत्ता लागला. तरुणपणी पिठाच्या गिरण्यांच्या आणि विहिरींवरच्या तेलइंजिनांची बेअरिंगे त्यांनी ओतली होती. त्यांच्या नातवाची यंत्रशाळा संगणकावर चालते. आजोबांनी कोपऱ्यातली जुनी भट्टी आमच्यासाठी पेटविली. आधी रॉड स्वच्छ करून त्याला कल्हई लावायची, मग तो तापवून साच्यात धरायचा आणि एका धारेत धातू सोडायचा. धार मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. ते आम्हांला म्हणाले, "मालक, धातू कमी तापला तर धरत नाही आणि जास्त तापला तर जळतो. भट्टीपुढं भांडण करून उभं राहू नका, माझं ध्यान जातंय." आम्ही भांडत नव्हतो; केवळ दोन वेगळ्या बाजूंना उभे होतो. त्यांना ते तसे दिसले, एवढे खरे. आम्ही एका बाजूस येऊन उभे राहिलो.

हौद्यासाठी मेस्त्री आले ते खानापूर तालुक्यातले. त्यांनी आधी काही न बोलता प्रत्येक फळीत पटाशीचे टोक खुपसून पाहिले. नऊपैकी सहा फळ्यांत ते लोण्यात जावे तसे गेले. मधल्या तीन फळ्या तेवढ्या खणखणीत वाजल्या. "सहा गेल्या, तीन आहेत," असे म्हणून ते चहाला बसले. थोरला उठून आत गेला. त्याच्या ह्या वागण्याचा धाकट्याला त्या दिवशी संतापच आला. लाकडाच्या फळ्यांसाठी पासष्टीला टेकलेल्या माणसाने रुसावे, हे त्याला कळेना. त्या रात्री जेवणे झाल्यावर ओसरीवर बसलो असताना त्याने ते विचारले. त्या प्रश्नाला जे उत्तर मिळाले त्याच्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

१९७२ च्या पावसाळ्यात आमची आई मिरजेच्या दवाखान्यात वारली. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा होता, धाकटा आठ. अप्पांनी आईला ह्याच गाडीतून घरी आणले. थोरला हौद्यात आईजवळ बसला होता. वरून ताडपत्री बांधलेली. धाकटा पुढे केबिनमध्ये अप्पांच्या शेजारी. रात्रीचा प्रवास. चिकोडी मागे टाकून संकेश्वरला आलो तेव्हा रेडिएटरमधले पाणी उकळले. अप्पांनी गाडी थांबविली, डबा घेतला आणि हिरण्यकेशीवर जाऊन पाणी आणले. इतके आम्हां दोघांनाही ठाऊक होते. बाकीचे, अठ्ठेचाळीस वर्षांत, एकाने दुसऱ्याला कधी सांगितले नव्हते.

थोरल्याने सांगितले, की खड्ड्यांतून गाडी उसळली की आईचे डोके फळीवर आपटेल ह्या भीतीने त्याने साऱ्या वाटेत आपले दोन्ही तळवे तिच्या डोक्याखाली धरून ठेवले होते. तळव्यांखाली मधल्या फळ्यांची जोडरेघ होती. ती त्याच्या बोटांना अजूनही आठवते. संकेश्वरला गाडी थांबली तेव्हा तो अंधारात एकटाच आईपाशी होता आणि पुढे अप्पा कोणाशी तरी बोलत आहेत असे त्याला ऐकू येत होते. धाकट्याने सांगितले, की अप्पा कोणाशीच बोलत नव्हते. पाणी ओतून झाल्यावर ते रेडिएटरवर हात ठेवून उभे राहिले आणि इंजिनाला म्हणावे तसे म्हणाले, "एवढं घरापर्यंत ने. मग काही मागणार नाही." विजेरी धाकट्याच्या हातात होती. मग अप्पांनी पाय दाबला आणि इंजिन पहिल्याच खेपेस चालू झाले. त्या आवाजाने त्याला वाटले, की आता सारे ठीक होईल. आठ वर्षांच्या मुलाला वाटले ते. घरी पोहोचेपर्यंत त्याने मागे वळून पाहिले नाही; हौद्यात काय आहे हे त्याला कळत होते आणि कळून घ्यायचे नव्हते.

म्हणजे एकाला हौदा आठवत होता आणि एकाला इंजिन. थोरला फळ्यांसाठी अडून बसला होता. धाकटा वरवर डिझेलचे बोलत होता. पण गाडी 'चालली' पाहिजे, हा त्याचा हट्ट कोठून आला होता हे त्यालाही त्या रात्रीपर्यंत कळले नव्हते. आम्ही बराच वेळ बोललो नाही. मग थोरला म्हणाला, "पुढं काय झालं ते मला कधी कळलंच नव्हतं." धाकटा म्हणाला, "मलाही मागचं."

ह्यावर अधिक भाष्य करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. एवढेच सांगतो, की दुसऱ्या दिवशी हौद्याचा निर्णय पाच मिनिटांत झाला. मधल्या तीन फळ्या राहतील आणि मधल्याच राहतील. उरलेल्या सहा नव्या. पत्रा नाही.

नवे लाकूड शोधावे लागले नाही. २०१९ च्या पावसात बसलेल्या पडवीच्या सागाच्या तुळया अंगणात पडून होत्या. शंभरेक वर्षे वाळलेले लाकूड. आता ते आणखी काय वाळणार आणि काय वाकणार? करवतगिरणीवाल्याने मात्र आधी नकार दिला. जुन्या तुळईत एखादा खिळा दडलेला असला तर पात्याचे दात जातात. तीन दिवस चुंबक फिरवून आम्ही खिळे हुडकले. एकशे चौदा निघाले. त्यांपैकी कितीएक हाताने ठोकून केलेले, चौकोनी बुडाचे होते. ते एका डब्यात जपून ठेवले आहेत. कशासाठी, ते आमच्या घरच्या मंडळींना पटवून देता आलेले नाही.

मेस्त्रींचे काम पाहणे हा एक संस्कार होता. जुन्या फळ्या उलट्या केल्या तेव्हा त्यांच्या पोटाला आधीच्या मेस्त्रीने पटाशीने कोरलेले आकडे सापडले, १ ते ९. आमच्या मेस्त्रींनी त्याच क्रमाने नव्या सहांवर आकडे कोरले; ४, ५ आणि ६ हे जुने राहिले. फळ्यांच्या कडांना पूर्वीसारख्याच अर्ध्या जाडीच्या खाचा पाडल्या. फळ्या बसविताना दोहोंमध्ये जुन्या रुपयाच्या जाडीएवढी फट सोडली. धाकट्याला ती घट्ट हवी होती. मेस्त्री म्हणाले, "आता उन्हाळा हाय, लाकूड आक्रसलंय. घट्ट बसवलं तर मृगात फुगून एकमेकींला उचलतील. जागा ठेवली की नांदतात." बाहेरगावच्या वाचकांना हे वाक्य निव्वळ सुतारकामाचे वाटेल. आमच्या घरातल्या बायकांनी मात्र ते ऐकून एकमेकींकडे पाहिले.

लोखंडी चेसिस आणि तिच्यावरची लाकडी तुळई ह्यांच्यामध्ये रबराची पट्टी घातली, म्हणजे धातूला सुटलेला घाम लाकडात मुरत नाही. फळ्यांच्या दोन्ही टोकांना बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, पिईल तितके पाजले. पाणी शिरते ते बहुधा टोकांतूनच. बोल्टची डोकी लाकडात बुडवून बसविली, पोते ओढताना फाटू नये म्हणून. फाळक्यांच्या बिजागऱ्या आणि साखळ्या जुन्याच, लोहाराकडून सरळ करून घेतलेल्या.

आम्ही बदल केलेच नाहीत असे नाही. वीज आता बारा व्होल्टची आहे, कारण सहा व्होल्टच्या दिव्यांत रात्री समोरचे माणूसही दिसत नसे. वळण दाखविणारे दिवे आणि आसनपट्टे बसविले. हौद्याच्या दोन्ही बाजूंना मिटवून ठेवता येणारी लाकडी बाके केली आहेत, नातवंडांसाठी. रंग खरवडताना खाकी, मग निळा आणि सर्वांत खाली गडद हिरवा निघाला. तो हिरवाच दिला. थोरल्याला बाके खटकली, धाकट्याला सहा व्होल्टचा जुना भोंगा ठेवल्याचे खटकले. दोघांचेही राहिले.

काम संपण्यास २०२३ उजाडले. मधल्या काळात धाकटा निवृत्त झाला आणि वर्षातले चार-पाच महिने बेळगावास राहू लागला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, तेव्हा आम्हांला आशा वाटली होती. परंतु ते नियम दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरते आहेत. माल वाहून आयुष्य काढलेल्या गाडीला त्यांत जागा नाही. मिरवायच्या मोटारी वारसा ठरल्या आणि राबणारी गाडी ठरली नाही, ह्याची खंत आहे; तक्रार नाही. जुन्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आमचा खटाटोप चालू आहे. तोवर ती सार्वजनिक रस्त्यावर येत नाही. घरामागच्या अंगणातून आमच्या शेतापर्यंत जी आमचीच खासगी वाट जाते, तेवढेच तिचे राज्य.

त्या वाटेवरची पहिली फेरी सुगीच्या दिवसांत झाली. बासमतीची पोती आणायची होती. गाडीपुढे नारळ फोडला. चालवायची कोणी, असा प्रश्न आला तेव्हा थोरला मागे हौद्यात चढण्यास निघाला होता. धाकट्याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, "दादा, तू पुढं बस. मी मागं बसतो." थोरल्याने जन्मात ती गाडी चालविली नव्हती, अप्पांनी दिली नव्हती. त्याने पाय दाबला. पहिल्या खेपेस चालू झाली नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या खेपेस झाली. शेतापर्यंतच्या अर्ध्या मैलात तीनदा बंद पडली, ती क्लच नीट न सोडल्यामुळे. धाकटा मधल्या फळ्यांवर मांडी घालून बसला होता, तळवे फळ्यांना टेकून. तो काय आठवीत होता हे थोरल्याने विचारले नाही, आणि येथेही लिहिलेले नाही.

वाटणीपत्रात ह्या गाडीचे नाव अद्याप नाही. ते घालावे, असे वकिलांनी सुचविले. आमच्यानंतर मुलांत तंटा नको म्हणून. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आम्ही अजून तरी ते मनावर घेतलेले नाही.

कुजलेल्या सहा फळ्यांचे जे थोडे तुकडे शाबूत निघाले त्यांतून मेस्त्रींनी दोन पाट करून दिले. पोतीपेट्यांच्या घर्षणाने पडलेले ओरखडे वरच्या अंगाला तसेच ठेवले आहेत. एक पाट बेळगावात आहे, एक इंदुरास. आईच्या श्राद्धाच्या दिवशी आता दोन्ही घरांत तोच मांडतात.